विचारून पडणारा पाय

चाचा,

सुपारीच्या पायातले तुमचे नाल काल काढले. नाल चाळीस दिवसांनी बदलायचे हा तुमचा नियम. हे छप्पन्नाव्या दिवशी निघाले. सोळा दिवस उशीर झाला आणि तो मी जाणूनबुजून केला. तुम्ही असतात तर मला काहीच बोलला नसतात. सुपारीच्या मानेवर हात ठेवून तिलाच म्हणाला असतात, तुह्या मालकिनीले कोर्टाची सवय लागली, पुढची तारीख देऊन राह्यली. मला काही सुनवायचं असलं की तुम्ही नेहमी घोडीशी बोलायचात.

तुम्ही गेलात तेव्हा ते नाल बारा दिवसांचे होते. तुमच्या हातचं माझ्याकडे जे काही उरलं होतं ते त्या घोडीच्या चार पायांत होतं, खिळ्यांनी ठोकलेलं. ते उपटून काढायला दुसऱ्या माणसाला बोलवायचं हे मला जमेना. दर रविवारी म्हणायचे, पुढच्या रविवारी बघू. खूर काही कोणासाठी थांबत नाही. तो वाढत राहिला, टाचेकडून नालावर उतरू लागला, खिळ्यांची वळवलेली टोकं उचकटून वर आली. मी रोज खरारा करताना ते पाहत होते आणि रोज दुसरीकडे बघत होते. सात वर्षं तुम्ही जे शिकवलंत त्याच्या नेमकं उलट मी तुमच्याच आठवणीपायी केलं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

मला घोडा पाहिजे हे बुलढाण्यात कोणाच्याच पचनी पडलं नव्हतं. कोर्टात स्टेनो असलेली बाई, नवरा शाळेत मास्तर, येळगावच्या वाटेवर अडीच एकर शेत. लोकांनी मला गाय घ्यायचा सल्ला दिला. कॉलेजच्या वर्षांत मी शहरात घोडेस्वारी शिकले होते, अडथळ्यांवरून उड्या मारायलाही शिकले होते, आणि ते वेड लग्न, नोकरी, बदल्या यांत कुठेतरी बसून राहिलं होतं. पस्तिशी जवळ आल्यावर ते परत उठलं. विनय म्हणाला, वेड करायचंच असेल तर नीट कर, आधी घोड्यातलं कळणारा माणूस शोध. तेव्हा कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. धामणगाव बढ्याचे हनीफ नालबंद.

पहिल्या भेटीत तुम्ही विचारलंत, घोडा वरातीले लावाचा काय? मी म्हटलं, नाही, उड्या मारायला. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंत आणि मग विनयकडे पाहिलंत, हा माणूस घरी काही बोलत नाही का, अशा नजरेनं. मी सगळं समजावून सांगितलं. रंगवलेले दांडे आडवे लावतात, घोड्यानं त्यांना पाय न लावता पलीकडे जायचं, दांडा पडला की गुण जातात. तुम्ही चहा संपवलात. म्हणालात, बीबी गावाले एक घोडी हाय, पन तिची बदनामी झाली हाय.

ती बदनामी तुम्ही इतक्या गंभीरपणे सांगितलीत की मला हसावं की नाही ते कळेना. घोडी एका वरातवाल्याची होती. एका लग्नात नवरदेव वर बसलेला, वरात नालीपाशी आलेली, लोक फरशीवरून वळून जात होते. तेवढ्यात बँडवाल्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली आणि घोडीनं नवरदेवासकट नाली ओलांडली. फेटा पाण्यात गेला, करवल्या ओरडल्या, त्यानंतर त्या घोडीला बीबीत कोणी वरातीला बोलवेना. सगळं सांगून झाल्यावर तुम्ही मुद्द्याचं बोललात.

"नवरदेव बसूनच व्हता. कदी घोड्यावर न बसलेला मानूस. मंजे घोडी किती सरळ उडते, पाह्य."

त्या एका वाक्यावर मी ती घोडी घेतली. सुपारीच्या रंगाची, म्हणून सुपारी. तुम्हाला ते नाव कधीच आवडलं नाही. घोडीचं नाव का खान्याच्या वस्तूवरून ठेवतात काय, असं तुम्ही दर वेळी म्हणायचात आणि दर वेळी तिला त्याच नावानं हाक मारायचात.

मग तुमचे रविवार सुरू झाले, चाळीस दिवस भरण्याच्या आसपासचा एकेक. सकाळच्या एसटीनं राजूरचा घाट चढून तुम्ही यायचात. खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, त्यात हातोडा, पक्कड, कानस, सुरी आणि ती छोटी ऐरण. तिच्या वजनावरून कंडक्टरशी तुमची दर खेपेला बाचाबाची व्हायची आणि ती तुम्ही उतरल्या उतरल्या मला साग्रसंगीत सांगायचात. शेतातलं कुत्रं तुमच्या पिशवीचा वास ओळखायचं. खूर तासताना पडलेल्या चकत्या त्याच्या वाटणीच्या. मी एकदा त्या झाडून फेकल्या तर तुम्ही काम थांबवलंत. त्याचा हिस्सा त्याले दे, म्हणालात, तो सकाळपासून बसून हाय. मी कचऱ्यातून वेचून त्याला दिल्या.

खरं काम नाल ठोकून झाल्यावर सुरू व्हायचं. शेताबाहेर डांबरी रस्ता, त्यावरची मोरी, मोरीचा कठडा. तुम्ही कठड्यावर रस्त्याकडे पाठ करून बसायचात. तोंड तुरीच्या रानाकडे. मी सुपारीला धरून रस्त्यावरून आधी चालत आणि मग दुडकत न्यायची. तुम्ही एकदाही मागे वळून पाहायचा नाहीत. मी परत आले की सांगायचात, मागचा डावा खिळा जरा घट्ट झाला हाय, सैल करतो. किंवा, चांगलं हाय, ने. पहिल्यांदा मला वाटलं तुम्ही दमलात म्हणून बसलात. दुसऱ्यांदा विचारलं, काका, पाहत का नाही? तेव्हा मी तुम्हाला काका म्हणायची. तुम्ही म्हणालात, डोया फसवते. घोडी देखनी असली का जास्तच फसवते. कानाले देखनेपन समजत नाही.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला तुम्ही मला कठड्यावर बसवलंत, रस्त्याकडे पाठ करून, आणि घोडी स्वतः नेलीत. मी तुरीकडे बघत बसले. मागून टापा येत होत्या आणि मला त्या फक्त टापा वाटत होत्या. तुम्ही परत आलात. विचारलंत, "आयकू आलं काय? चारी सारखे हायेत?" मी म्हटलं, हो. तुम्ही मान हलवलीत, सुपारीचा पुढचा डावा पाय उचललात, आणि मला दाखवून एक खिळा बोटानं हलवलात. तो तुम्ही मुद्दाम सैल ठेवला होता. हातोड्याचे दोन ठोके देऊन तो बसवलात आणि चहा मागितलात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं अख्खं पोट कानावर चालतं, चाचा. साहेब भराभर सांगतात, वकील मधे बोलतात, साक्षीदार पुटपुटतो, बाहेर कोणीतरी भांडत असतं, आणि मी एक शब्द सोडत नाही. त्या मला सैल खिळा ऐकू आला नाही, आणि वर मी हो म्हणाले. त्यानंतर दर खेपेला तुम्ही विचारत राहिलात, आयकू आलं काय, आणि दर खेपेला मी हो म्हणत राहिले. एकदाही आलं नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला खोटारडी ठरवलं नाहीत आणि विचारायचंही सोडलं नाहीत. हे मी तुम्हाला समोर कधी सांगितलं नाही. आता सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

बाकी मात्र तुम्ही मला पुष्कळ शिकवलंत आणि ते मला आलं. पाय कसा उचलून घ्यायचा, खुराच्या मधली बेचकी रोज कशी साफ करायची, उन्हातून आलेल्या घोडीवर लगेच पाणी का ओतायचं नाही. डांबराचे रिकामे ड्रम आणि बांबू यांचे अडथळे केले तेव्हा बांबूंना लाल-पांढरे पट्टे तुम्हीच मारलेत, ग्रिलचा उरलेला रंग घेऊन. उंची सेंटिमीटरमध्ये मोजलेली तुम्हाला पटायची नाही. गुडघ्याएवढी, कमरेएवढी, छातीएवढी. तीही तुमच्या गुडघ्याएवढी, माझ्या नाही. सुपारी गुडघ्याएवढ्यावरून गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, नाली याच्याहून रुंद व्हती. कमरेएवढ्यावरून गेली तेव्हा नुसते उठून गेलात आणि तिला गुळाचा खडा दिलात.

पुण्याच्या स्पर्धेला मी तुम्हाला ओढून नेलं होतं. पिकअपमध्ये मागे सुपारी, पुढे मी, विनय आणि तुम्ही, ऐरण मांडीवर. ती सोबत का आणली विचारलं तर म्हणालात, भरोसा नाही, तिकडचे लोक कसे ठोकतात. तिथे घोड्यांना पांघरुणं घातलेली पाहून तुम्ही विनयला कोपरानं ढोसलंत आणि म्हणालात, गुरुजी, घोड्याले स्वेटर. दिवसभर तुमचं तेच चाललं होतं. परदेशी घोडे, त्यांचे चकाकते बूट, त्यांच्यामागे पळणारी माणसं. मला बुलढाण्याचं नाव माइकवर कसं उच्चारतील याचीसुद्धा धास्ती होती. तुम्ही सुपारीचे चारही पाय एकदा चाचपलेत आणि म्हणालात, हिले सांगू नको का हे मोठे लोक हायेत. मंजे तिले समजनार नाही.

तिसरा नंबर आला. आणि बक्षीस द्यायच्या वेळी बँड वाजला. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं की ही वरातीची सवय मोडली पाहिजे. तिनं मैदानाच्या मधोमध मान वाकवून नाचायला सुरुवात केली, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, मी वर बसलेली, छातीवर रिबीन. लोक हसले, मग टाळ्या वाजवू लागले. मी शरमेनं लाल झाले होते. कुंपणापाशी तुम्ही उभे होतात, टोपी हातात घेऊन, आणि तुमचा चेहरा असा होता की जणू तिसरा नंबर उडीचा नव्हताच, नाचाचाच होता. परतीच्या वाटेवर मी चिडचिड करत होते. तुम्ही म्हणालात, तिले दोन कामं येतात, तुले एकच. त्यावरून आपलं चिखलीपर्यंत वाजलं. तो वाद अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं कायम आहे, उडीच्या घोडीनं नाचू नये. तुमचं काय ते तुम्ही तिथून म्हणत असाल.

पण खरा वाद तो नव्हता. खरा वाद त्या शेवटच्या रविवारचा.

अडीच महिन्यांवर मोठी स्पर्धा होती आणि मी वरच्या गटात नाव दिलं होतं. एक मीटर दहा. तुमच्या भाषेत, छातीच्या जवळ. माझं वय चाळिशीला टेकलंय, सुपारीही काही लहान राहिलेली नाही, आता नाही तर कधी, असं माझ्या डोक्यात होतं. तुम्ही नाल काढलेत, खूर तासलेत, नवे ठोकलेत. कठड्यावर पाठ करून बसलात. मी तिला दोनदा नेऊन आणली. तुम्ही तिसऱ्यांदा ने म्हणालात. मग चौथ्यांदा.

मग तुम्ही म्हणालात, उजवा पुढचा पाय कच्चा हाय. मी म्हटलं, डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात पाहिलंय, सूज नाही, गरम नाही, लंगडत नाही. तुम्ही म्हणालात, लंगडत नाही, बरोबर हाय.

"तीन पाय पडतात. हा विचारून पडते. जमिनीले विचारते, पडू का? कमरेच्या वर नको नेऊ इले, बेटा. सहा महिने तरी नको."

तुम्ही पिशवीजवळ काढून ठेवलेले पुढच्या पायांचे दोन जुने नाल उचललेत आणि माझ्यासमोर धरलेत, शेजारी शेजारी. मी ते पाहिले नाहीत. मी मोबाईलमध्ये स्पर्धेची यादी काढत होते, तुम्हाला माझं नाव दाखवायला. तुमचं ते घोडीचं ऐकणं, ते विचारून पडणं, मला एकदम जुनाट आणि आडमुठं वाटलं. सात वर्षं ज्या गोष्टीला मी खोटं खोटं हो म्हणत आले होते, तिच्यापायी माझी स्पर्धा जाणार होती. मी म्हणाले,

"चाचा, तुम्ही नालबंद आहात. डॉक्टर नाही."

तुम्ही म्हणालात, "हाव. बरोबर हाय."

एवढंच. नाल खाली ठेवलेत. चहा घेतलात, कुत्र्याला त्याच्या चकत्या दिल्यात, पिशवी आवरलीत. सुपारीशीही काही बोलला नाहीत. मी तुम्हाला स्टँडवर सोडायला गाडी काढली तर म्हणालात, राहू दे, पायी जातो. आणि त्या दिवशी तुम्ही मला विचारलं नाहीत, आयकू आलं काय. सात वर्षांत पहिल्यांदा. ते तुम्ही निघून गेल्यावर, भांडी घासताना माझ्या लक्षात आलं. वाटलं होतं, चाळीस दिवसांनी येतीलच. तेव्हा काहीतरी बोलू, गोडधोड करू, मिटवून टाकू. चाळीस दिवस मला फार नव्हते वाटले.

दुसऱ्या दिवशी कोर्टातून आल्यावर मी सुपारीला एक मीटरवरून तीनदा उडवलं. रागात. ती तिन्ही वेळा साफ गेली आणि मी मनात तुम्हाला म्हटलं, पाहिलंत? त्यानंतरच्या आठवड्यात ती त्याच अडथळ्यासमोर थांबली. सुपारी कधी थांबत नाही हे तुम्हाला माहीत आहे. नवरदेव घेऊन नाली ओलांडणारी घोडी. मी तिला चाबूक लावला. तिनं उडी मारली. हेही विनयला सांगितलेलं नाही.

त्या शुक्रवारी मी साक्ष टाइप करत होते. फोन बंद होता. संध्याकाळी विनयनं तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, असं कसं, अठ्ठावीस दिवस बाकी आहेत. आम्ही धामणगावला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुरुष कबरस्तानातून परत येत होते. चाचींजवळ बायकांची गर्दी होती, मी त्यांचा हात धरला आणि परत आले.

मग चाळिसाव्याला गेले, गेल्या बुधवारी, अर्धी रजा टाकून. मनात एक ठरवून गेले होते. तुम्ही घरी सांगितलं असेल, बाई मले असं असं बोलली, चाची नाराज असतील, त्यांची माफी मागेन. निदान तेवढं तरी करेन. चाचींनी मला जवळ बसवलं, माझ्या ताटात स्वतः वाढलं, आणि पहिला प्रश्न विचारला.

"घोडीचे नाल बदलले काय?"

मी मान हलवली, नाही. त्या म्हणाल्या, हे दवाखान्यात बी म्हनत व्हते, बाईचा रविवार ध्यानात ठेवा, मले जमलं नाही तर जालन्याकडच्या त्या अंबादासले फोन करा म्हना. फोन करायचा राहिला, माह्या डोक्यातून गेलं, असं म्हणून त्याच माझी माफी मागू लागल्या. मी हळूच विचारलं, चाचा त्या रविवारी घरी आल्यावर काही म्हणाले का? त्यांनी आठवून पाहिलं. म्हणाल्या, काय म्हननार, जेवले, झोपले. बाईच्या इथला चहा चांगला असते, म्हने.

तुम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. माझी माफी घ्यायला जगात एकही माणूस उरला नव्हता. धामणगावहून परत येताना मी एसटीत खिडकीशी बसून रडले, मनसोक्त रडले, आणि मोताळ्याला उतरून अंबादासना फोन लावला.

ते काल आले. मोटरसायकलवर, बॅटरीवर चालणारं यंत्र घेऊन. माणूस चांगला आहे, हात हलका आहे. पहिला पाय उचलल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ताई, लई दिवस झाले हो याला. मी म्हटलं, माहीत आहे. मग त्यांनी नालावर नजर टाकली आणि म्हणाले, हनीफभाईंचं काम दिसतंय, असं म्हणून जरा सावकाश काढायला लागले. खिळे एकेक करून सुटे केले. ओढले नाहीत.

चारही नाल त्यांनी बाजूला टाकले. त्यांच्या शेजारीच तुमच्या त्या रविवारचे जुने नाल पडून होते, तुम्ही ठेवलेत तिथेच, पाचटाखाली. मी पुढच्या पायांचे दोन उचलले. का उचलले सांगता येणार नाही, कदाचित तुम्ही धरले होते तसे धरून बघावेत म्हणून. डावा झिजून पातळ झालेला, कडेनं धार आलेली. उजवा जाड. शेजारी शेजारी धरले तर दोन वेगळ्या घोड्यांचे वाटावेत. मग पाचटाखालचे काढले, तुम्ही दाखवले होते ते. फरक कमी होता, पण तोच होता. डावा पातळ, उजवा जाड. ती भार डाव्यावर टाकत होती. माझ्या नाकासमोर धरलं होतंत तुम्ही आणि मी मोबाईल बघत होते.

अंबादासनी नवे नाल ठोकले. म्हणाले, झालं ताई, मस्त चालतीय. मी त्यांना म्हटलं, एक काम करा, तिला रस्त्यावरून नेऊन आणा, आधी चालत, मग दुडकत. ते म्हणाले, तुम्ही बघा की, मी बघितलंच आहे. मी म्हटलं, मला बघायचं नाही.

मी मोरीच्या कठड्यावर बसले, रस्त्याकडे पाठ करून. तुरी निघून गेल्यात, रान मोकळं आहे. कुत्रं माझ्याजवळ येऊन बसलं. मागून टापा सुरू झाल्या. चालीत मला काही कळलं नाही, नेहमीसारखंच. त्या फक्त टापा होत्या. मग अंबादास पळायला लागले, सुपारी दुडकायला लागली. मी डोळे मिटले आणि कोर्टात मिटते तसं बाकीचं सगळं मिटलं, रस्त्यावरची गाडी, वारा, अंबादासचे बूट. एक टाप भरीव. एक हलकी. भरीव, हलकी. भरीव, आणि मग अगदी किंचित उशिरानं, अंगठ्यावर उभं राहून आत डोकावावं तशी, हलकी. ते परत आले आणि मी त्यांना पुन्हा जायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. तुम्ही चौथ्यांदा ने का म्हणालात हे त्या दिवशी मला कळलं नव्हतं. ऐकू आलेलं खरं असू नये असं वाटतं, म्हणून नेतात.

अंबादास घामाघूम होऊन थांबले. काय झालं ताई, म्हणाले. मी सांगितलं, उजवा पुढचा. त्यांनी पाय उचलून दाबून पाहिला, हलवून पाहिला, काही सापडलं नाही. म्हणाले, मला तर काही दिसत नाही. मी म्हटलं, दिसणार नाही.

आज सकाळी स्पर्धेतलं नाव मागे घेतलं. डॉक्टरांना पायाचा फोटो काढायला बोलावलंय. माझ्या सोळा दिवसांच्या उशिरानं किती बिघडलं आणि आधीचं किती होतं, ते विचारणार आहे, आणि जे सांगतील ते ऐकून घेणार आहे. तो चाबूकही सांगणार आहे, विनयला आणि डॉक्टरांना, दोघांना. बांबू उतरवून ड्रमांवर उभे करून ठेवलेत. सहा महिने म्हणाला होतात, सहा महिने. त्यानंतर कमरेएवढं, तेही तिनं मानलं तर. आणि बँड वाजला तर नाचू देईन, पण हे मी वाद मिटवायला म्हणत नाही, ती थकलेली आहे म्हणून म्हणते.

तुमच्या हातचे चार नाल गोठ्यातल्या खुंटीला लावलेत. कोर्टातल्या दोघा-तिघांनी दाराला ठोकायला मागितले. काळ्या घोड्याचे नाहीत म्हणून सांगितलं, म्हणजे त्यांचा विरस झाला आणि माझे नाल वाचले. तुम्ही हसला असतात.

त्या रविवारी तुम्ही विचारलं नाहीत, चाचा. मी तसं बोलल्यावर का विचाराल. पण सात वर्षं विचारलंत आणि सात वर्षं मी खोटं उत्तर दिलं, तेव्हा एक उत्तर मी तुम्हाला देणं लागते. न विचारता देते.

हाव, चाचा. आयकू आलं.